पूर्वतयारी बैठकीचं यजमानपद: बोलणी कुठून सुरू करायची आणि सही कशावर करायची

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात हवामान परिषद चालू असतानाच पुढच्या परिषदेचा, म्हणजे कॉप-३१चा तिढा सुटला. ऑस्ट्रेलिया आणि तुर्कस्तान दोघांनाही यजमानपद हवं होतं आणि दोघंही माघार घ्यायला तयार नव्हते. तोडगा असा निघाला: परिषद तुर्कस्तानात अंताल्याला, वाटाघाटींची सूत्रं ऑस्ट्रेलियाकडे, आणि परिषदेआधीची पूर्वतयारी बैठक पॅसिफिकमध्ये. बातम्यांचा भर पहिल्या दोन गोष्टींवर होता. पण ऑस्ट्रेलियाने आपली मागणी पॅसिफिकमधल्या बेटांच्या साथीने मांडली होती आणि त्या शेजाऱ्यांना दिलेला शब्द तिसऱ्या गोष्टीने राखला. ती नसती तर पहिल्या दोन गोष्टी ऑस्ट्रेलियाला घरी समजावून सांगणं अवघड गेलं असतं.

पूर्वतयारी बैठकीचं वजन एवढं असतं. तरीही ती कुठे आणि कोणाच्या खर्चाने भरवायची, याची बोलणी कशी चालतात हे फारसं कुठे लिहिलेलं सापडत नाही; बहुतेकजण ते वरिष्ठांचं बघून शिकतात. ज्यांच्या टेबलावर अशी फाइल पहिल्यांदाच येणार आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. परराष्ट्र खात्यात नव्याने रुजू झालेले अधिकारी, दूतावासात पहिली नेमणूक मिळालेले, एखाद्या आंतरराष्ट्रीय सचिवालयात काम करणारे, आणि ही बोलणी बाहेरून समजून घेऊ पाहणारे विद्यार्थी व पत्रकार, सगळ्यांनाच त्याचा उपयोग व्हावा.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकायला हवं. ही बोलणी सभागृह, हॉटेलं आणि तारखांभोवती फिरताना दिसतात, पण खरी रस्सीखेच दाराची असते: आत कोण येणार, आणि त्याला अडवण्याचा अधिकार कोणाकडे राहणार. यजमान होणारा देश काही दिवसांसाठी आपल्याच जमिनीवरच्या एका दाराचा ताबा सोडत असतो. हे ज्याला पहिल्या दिवशी कळतं त्याची पुढची बोलणी सुरळीत होतात.

पायरी पहिली: बैठक कोणाची आहे ते शोधा

पूर्वतयारीच्या बैठका सगळ्या एका साच्यातल्या नसतात, आणि प्रकार बदलला की निर्णय घेणाराही बदलतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या परिषदेसाठी महासभा ठराव करून पूर्वतयारी समिती नेमते. या कामातले लोक तिला नुसतं प्रेपकॉम म्हणतात. १९९२च्या रिओ परिषदेचा ठराव महासभेने डिसेंबर १९८९ मध्ये केला आणि तिच्या प्रेपकॉमची सत्रं नैरोबी, जिनिव्हा आणि न्यूयॉर्कला झाली. या तिन्ही शहरांत संयुक्त राष्ट्रांची स्वतःची कार्यालयं आहेत, म्हणजे सभागृह, दुभाषे, सुरक्षा हे सगळं तिथे आयतंच होतं. याउलट २००२च्या जोहान्सबर्ग शिखर परिषदेच्या प्रेपकॉमचं चौथं सत्र बालीला झालं, आणि २०१६च्या क्विटोमधल्या शहरविषयक परिषदेचं तिसरं सत्र सुराबायाला. अशा वेळी बैठकीचं यजमान सरकार, परिषदेचं यजमान सरकार आणि सचिवालय (परिषदेचं कामकाज सांभाळणारं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय), अशा तिघांना एकाच मसुद्यावर यावं लागतं.

दुसरा प्रकार प्रादेशिक बैठकांचा. १९९५च्या बीजिंग महिला परिषदेआधी जकार्ता, मार देल प्लाता, व्हिएन्ना, अम्मान आणि डाकार इथे अशा बैठका झाल्या. तिसरा प्रकार हवामान परिषदेच्या प्री-कॉपसारखा, जिथे निवडक देशांचे मंत्री अनौपचारिक बोलतात आणि कोणताही बंधनकारक निर्णय होत नाही. चौथा जी-२०सारख्या गटांचा, जिथे अध्यक्ष देश स्वतःच ठिकाण ठरवतो. २०२३च्या शिखर परिषदेआधी भारताने शेर्पांच्या, म्हणजे नेत्यांच्या वतीने आधी बोलणी करणाऱ्या प्रतिनिधींच्या, बैठका उदयपूर, कुमारकोम आणि हंपीला घेतल्या. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नव्हती.

म्हणून फाइल उघडल्यावर सगळ्यात आधी मूळ ठराव किंवा निर्णय शोधून काढा आणि स्वतः वाचा. कोणी केलेला सारांश वाचू नका. ठिकाणाबद्दल, खर्चाबद्दल आणि कोणाला बोलवायचं याबद्दल त्यात नेमकी कोणती वाक्यं आहेत ती वेगळी लिहून ठेवा. पुढचे कित्येक महिने तुम्ही त्याच तीन-चार वाक्यांना धरून भांडणार आहात.

पायरी दुसरी: आपल्याला हे का हवंय ते एका वाक्यात लिहा

हे वाक्य बाहेर कोणाला दाखवायचं नसतं, पण ते नसेल तर बोलणी भरकटतात. कारणं बरीच असू शकतात. मुख्य परिषद आपल्याला मिळणार नाही, पण विषयावर आपला ठसा उमटवायचा आहे. आपल्या प्रदेशाची एखादी मागणी मसुद्यात सुरुवातीलाच घालायची आहे. शेजाऱ्याला दिलेला शब्द पाळायचा आहे. किंवा स्पर्धेतून सन्मानाने बाहेर पडायचं आहे.

शेवटचं कारण कमी प्रतीचं समजू नका. कॉप-२६ साठी ब्रिटन आणि इटली दोघंही इच्छुक होते. जून २०१९ मध्ये त्यांनी भागीदारी जाहीर केली: परिषद ब्रिटनकडे, पूर्वतयारीचे कार्यक्रम इटलीकडे. त्यानुसार २०२१च्या शरद ऋतूत मिलानला प्री-कॉप झाली आणि त्यानंतर महिन्याभराने ग्लासगोची परिषद. फिजीचं उदाहरण वेगळं आहे. २०१७च्या कॉप-२३चं अध्यक्षपद फिजीकडे होतं, पण एवढी मोठी परिषद भरवायला सोयीची जागा तिथे नव्हती, म्हणून परिषद बॉनला सचिवालयाच्या घरी झाली. प्री-कॉप मात्र फिजीने आपल्याकडे नादीजवळ घेतली. समुद्र वाढतो म्हणजे काय होतं, हे मंत्र्यांना तिथे प्रत्यक्ष दिसावं हा त्यामागचा हेतू होता. छोट्या देशासाठी पूर्वतयारी बैठकीसारखं दुसरं साधन नाही असं मला मनापासून वाटतं.

पायरी तिसरी: आधी चाचपणी, मग पत्र

जाहीर घोषणा होण्याआधी बरंचसं काम गुपचूप पार पडलेलं असावं लागतं. घोषणा करून मग पाठिंबा गोळा करायला निघालात आणि एकाने जरी उघड विरोध केला, तरी हात दाखवून अवलक्षण ओढवून घेतल्यासारखं होतं. मागे फिरायची वाट उरत नाही.

चाचपणीचा क्रम महत्त्वाचा. पहिला फोन सचिवालयाला, कारण तारखांची टक्कर, दुसरे इच्छुक आणि नियमातली अडचण त्यांना आधी माहीत असते. मग मुख्य परिषदेच्या यजमानाला. त्याला तुमच्या बैठकीबद्दल तिसऱ्याकडून कळलं तर तो दुखावतो, आणि त्याचं दुखावणं महागात पडतं. मग आपल्या प्रादेशिक गटाला. संयुक्त राष्ट्रांत असे पाच गट आहेत: आफ्रिका, आशिया-पॅसिफिक, पूर्व युरोप, लॅटिन अमेरिका व कॅरिबियन, आणि पश्चिम युरोप व इतर. बरीच यजमानपदं या गटांत फिरत असतात आणि गटाचा पाठिंबा एकमताने द्यायची पद्धत आहे. म्हणजे एकाचा नकारही पुरतो.

तो नकार काय करू शकतो हे कॉप-२९च्या वेळी दिसलं. पाळी पूर्व युरोप गटाची होती. युरोपीय संघातल्या देशांना रशिया मान्यता देईना, आणि आर्मेनिया व अझरबैजान एकमेकांना अडवत होते. डिसेंबर २०२३ मध्ये या दोघांनी संयुक्त निवेदन काढलं. आर्मेनियाने आपली उमेदवारी मागे घेऊन अझरबैजानला पाठिंबा दिला, अझरबैजानने परिषदेच्या ब्युरोवर, म्हणजे तिचं कामकाज पाहणाऱ्या छोट्या मंडळावर, आर्मेनियाच्या सदस्यत्वाला पाठिंबा दिला, आणि त्याच निवेदनात युद्धकैद्यांच्या सुटकेचीही घोषणा होती. परिषदेची जागा आणि कैदी यांचा वरवर काही संबंध नाही. पण अडलेल्या बोलण्यांत विषयाबाहेरची गोष्ट तराजूत घालावी लागते, आणि ती कोणती हे दुसऱ्या बाजूला काय हवंय त्यावर ठरतं.

विरोध करू शकणाऱ्यांना सगळ्यात शेवटी भेटा, पण नक्की भेटा. विचारायचं ते साध्या शब्दांत: ‘आमचा विचार चालू आहे, अजून काही ठरलेलं नाही, तुम्हाला काही अडचण दिसते का?’ मुरलेले राजदूत ताकास तूर लागू देत नाहीत, तेव्हा उत्तराची जात ओळखायला शिका. ‘राजधानीकडून सूचना मागवतो’ याचा अर्थ बहुधा अडचण आहे पण ती सांगायची परवानगी नाही. ‘तारखा कोणत्या?’ असा उलट प्रश्न आला तर समजा की तत्त्वतः हरकत नाही. आणि काहीच उत्तर न येणं हा होकार धरू नका. आठवड्याभराने पुन्हा विचारा.

चाचपणी अनुकूल झाली की औपचारिक पत्र. ते नोट व्हर्बालच्या स्वरूपात जातं: तृतीय पुरुषात लिहिलेलं, सही नसलेलं, फक्त शिक्का आणि आद्याक्षरं असलेलं. त्यात शहर, तारखांचे दोन पर्याय, बैठकीची पातळी आणि खर्च उचलण्याची तयारी एवढंच असावं. अर्थ खात्याने लेखी मान्य न केलेली एकही गोष्ट त्यात घालू नका.

पायरी चौथी: पाहणी पथक येतं तेव्हा

पत्र पोहोचलं की सचिवालयाचं पाहणी पथक येतं. नवखे यजमान त्यांना मुख्य सभागृहाचं झुंबर आणि व्यासपीठ दाखवत बसतात. पथक मात्र छोट्या खोल्या मोजत असतं, कारण मसुद्यावरचं खरं भांडण तिथे होतं. मुख्य सभागृहात भाषणं होतात. कंसात अडकलेलं, म्हणजे अजून एकमत न झालेलं, वाक्य सुटतं ते वीस-पंचवीस खुर्च्यांच्या खोलीत, रात्री.

पथकाबरोबर एकदा चालून बघा म्हणजे कळेल. त्यांच्यातला एकजण मुख्य सभागृहाच्या दारापासून सर्वांत लांबच्या खोलीपर्यंत घड्याळ लावून चालतो. कारण छोट्या देशाचं शिष्टमंडळ दोन माणसांचं असतं, आणि एकाच वेळी तीन गट बसले तर त्या दोघांना धावावं लागतं. खोली दुसऱ्या इमारतीत असेल तर तो देश त्या रात्री त्या वाक्यावर बोलू शकणार नाही. दुसरा माणूस दुभाषांच्या केबिनमध्ये बसून व्यासपीठ आणि वक्त्यांच्या खुर्च्या दिसतात का ते बघतो, कारण बोलणाऱ्याचा चेहरा न बघता तासन्‌तास अनुवाद करणं फार कठीण जातं. तिसरा विजेच्या पर्यायी व्यवस्थेबद्दल विचारतो. प्रादेशिक गटांना सकाळी एकाच वेळी भेटता यावं म्हणून निदान पाच वेगळ्या खोल्या लागतात. प्रार्थनेची खोली, प्रथमोपचार, रात्री उशिरा खायला मिळणं आणि चाकाच्या खुर्चीला सगळीकडे जाता येणं, हे सगळं यादीत असतं.

जे जमणार नाही ते तिथल्या तिथे सांगा. पाहणीच्या वेळी दिलेली हमी पुढे करारात उतरते.

पायरी पाचवी: पैसे

संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांसाठी मूळ नियम डिसेंबर १९८५च्या महासभा ठराव ४०/२४३ मध्ये आहे. एखादी बैठक तिच्या नेहमीच्या मुख्यालयाबाहेर घ्यायची असेल, तर त्यामुळे होणारा प्रत्यक्ष जादा खर्च यजमान सरकारने उचलायचा. इथे ‘जादा’ हा शब्द नीट धरा. समजा नेहमीचं मुख्यालय जिनिव्हा आहे; तिथे बैठक झाली असती तरी जो खर्च झालाच असता तो तुमचा नाही. सचिवालयाची माणसं जिनिव्हाहून तुमच्या शहरात येणार, त्यांचा प्रवास, त्यांचा दैनंदिन भत्ता, सामानाची वाहतूक, हा तुमचा. त्याशिवाय सभागृह, यंत्रणा, वाहनं, स्थानिक कर्मचारी, सुरक्षा हे तर तुमचंच.

अर्थ खात्यात घोडं पेंड खातं ते इथेच. त्यांना एक आकडा हवा असतो, आणि सचिवालय देतं तो अंदाज. रक्कम आधी सचिवालयाच्या खात्यात जमा करावी लागते, बैठक झाल्यावर प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब होतो, उरलं तर परत येतं, कमी पडलं तर भरावं लागतं. भत्ते डॉलरमध्ये मोजले जातात आणि तुमचा अर्थसंकल्प तुमच्या चलनात असतो, म्हणून विनिमय दरासाठी वेगळी तरतूद मागून घ्या. ती नंतर मागणं फार त्रासाचं असतं.

घासाघीस करायला जागा कुठे असते? येणाऱ्या माणसांच्या संख्येत. प्रत्येक पदामागचं काम विचारा. काही कामं दूरस्थ होऊ शकतात, काहींसाठी स्थानिक माणसं मिळतात. भाषांवर मात्र कात्री चालवू नका. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांसाठी दुभाषांचा एक संच १४ जणांचा होतो: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि रशियनला प्रत्येकी २, अरबी आणि चिनीला प्रत्येकी ३, कारण त्या दोन केबिनमधले दुभाषे दोन्ही दिशांनी अनुवाद करतात. एक बैठक साधारण तीन तासांची धरतात. रात्रीची बैठक धरली तर आणखी दुभाषे लागतात. खर्च वाचवायला एखादी भाषा वगळावी अशी सूचना तुमच्याकडून गेली, तर त्या भाषेचे सगळे देश एका दिवसात तुमच्या विरोधात जातील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

गरीब देशांच्या प्रतिनिधींचा प्रवासखर्च कोण देणार, हा प्रश्न करारात असो वा नसो, स्वतःहून काढा. त्यासाठी बहुधा ऐच्छिक निधी असतो आणि तो अपुरा पडतो. यजमानाने त्यात थोडी भर घातली तर ज्या देशांना विषयाची झळ सगळ्यात जास्त लागते ते खोलीत असतात. मला विचाराल तर व्यासपीठाच्या सजावटीतले पैसे काढून इथे घालावेत.

पायरी सहावी: करार, आणि त्यातलं दार

पैशावर एकमत झालं की यजमान देश करार. छोट्या बैठकीसाठी तो पत्रांच्या देवाणघेवाणीतूनही होतो, पण मजकूर जवळपास तोच असतो. त्याचा पाया १९४६चा संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकार आणि संरक्षणाविषयीचा करार. बैठक चालू असेपर्यंत ती जागा संयुक्त राष्ट्रांची मानली जाते, तिच्या आतली सुरक्षा संयुक्त राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांकडे आणि बाहेरची यजमानाच्या पोलिसांकडे असते. आत बोललेल्या किंवा लिहिलेल्या गोष्टीसाठी सहभागी माणसावर यजमान देशात खटला चालत नाही. बैठकीमुळे कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं तर दाव्यांची जबाबदारी यजमान सरकार घेतं. आपल्या विधी खात्याला हे कलम पहिल्या वाचनात पटत नाही. त्यांना आधीचे करार दाखवा. तोंडी समजावण्यापेक्षा ते लवकर कळतं.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो प्रवेशाच्या कलमाला. निमंत्रित असलेल्या प्रत्येकाला देशात येऊ द्यायचं, व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यायचा, असं त्यात असतं. तपशिलात खरी परीक्षा आहे. ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच लिहिलं तर ते कोणालाच बांधत नाही. म्हणून सचिवालय मुदत मागतं: अमुक आठवडे आधी अर्ज आला तर अमुक दिवसांपर्यंत व्हिसा, उशिरा आला तर अर्ज मिळाल्यापासून ३ दिवसांत, आणि ज्याच्या देशात तुमचा दूतावासच नाही त्याला विमानतळावर. गृह खातं याला हरकत घेणार हे गृहीत धरा. त्यांना पहिल्या मसुद्यापासून खोलीत बसवा, आणि ज्या प्रवाशांबद्दल त्यांना शंका असू शकते त्यांच्याबद्दल आधीच मोकळेपणी बोला. ज्याला तुम्ही मान्यता देत नाही असा देश, ज्याच्याशी संबंध तुटलेत असा देश, तुमच्या सरकारवर टीका करणारी स्वयंसेवी संस्था, आणि तुमच्याच देशातून परागंदा झालेला माणूस जो आता कुणा संघटनेचा प्रतिनिधी म्हणून येतोय. या चौघांना तुम्ही आत येऊ द्याल का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर आत्ता थांबा, यजमानपद मागू नका. करारावर सही करून मग विमानतळावर माणूस अडवणं हा शब्द मोडणं आहे, आणि तो अडवलेला माणूस बैठकीचा मुख्य विषय होऊन बसतो.

याचे दाखले आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेने पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे नेते यासर अराफात यांना न्यूयॉर्कला येण्यासाठी व्हिसा नाकारला, तेव्हा महासभेने पॅलेस्टाइनवरची चर्चा डिसेंबरमध्ये जिनिव्हाला हलवली. महासभेचं घर न्यूयॉर्कला असूनही हे घडलं. मग एका पूर्वतयारी बैठकीचं ठिकाण हलवायला किती वेळ लागणार?

एक जुना मार्ग मात्र आजही उपयोगी पडतो. डिसेंबर १९५४ मध्ये इंडोनेशियातल्या बोगोरला ब्रह्मदेश, सिलोन, भारत, इंडोनेशिया आणि पाकिस्तान यांचे पंतप्रधान भेटले, ते पुढच्या एप्रिलमधल्या बांडुंग परिषदेची तयारी करायला. निमंत्रितांची यादी हाच कळीचा प्रश्न होता, कारण बोलावलेल्यांपैकी कित्येकांनी एकमेकांना मान्यताच दिलेली नव्हती. नव्या, कम्युनिस्ट चीनचाच प्रश्न केवढा मोठा होता. या पाच पंतप्रधानांनी आपल्या निवेदनात स्पष्ट केलं की निमंत्रण स्वीकारल्याने दुसऱ्या कोणत्याही देशाच्या दर्जाबद्दलचं आपलं मत बदललं असा अर्थ निघणार नाही. २५ देशांना निमंत्रणं गेली आणि त्यांतले २४ आले. तुमच्यापुढे असा पेच आला की याच धर्तीचं वाक्य निमंत्रणातच घाला.

पायरी सातवी: खुर्च्या, पाट्या आणि अध्यक्ष

बाहेरच्यांना या गोष्टी क्षुल्लक वाटतात. १९६८ मध्ये व्हिएतनामच्या शांतता बोलण्यांसाठी जागा ठरवण्यातच महिना गेला. अमेरिकेने जिनिव्हा आणि काही आशियाई राजधान्या सुचवल्या, हनोईने, म्हणजे उत्तर व्हिएतनामने, नॉम पेन्ह आणि वॉर्सा, आणि अखेर पॅरिस ठरलं. त्यानंतर टेबलाच्या आकारावरून आठवडेच्या आठवडे गेले. कारण टेबलाला दोन बाजू की चार, यावर किती पक्षांना मान्यता मिळते ते ठरत होतं. जानेवारी १९६९ मध्ये मधोमध एक गोल टेबल आणि समोरासमोर दोन आयताकृती टेबलं, अशा मांडणीवर तडजोड झाली.

फिनलंडने हे सगळं आधी ओळखलं होतं. युरोपच्या सुरक्षा परिषदेसाठी आणि तिच्या पूर्वतयारीसाठी जागा देण्याचा प्रस्ताव त्यांनी मे १९६९ मध्ये दिला, आणि बोलणी प्रत्यक्ष सुरू व्हायला नोव्हेंबर १९७२ उजाडला. एवढ्या काळात त्यांनी दोन्ही जर्मनींपासून समान अंतर राखलं. बैठक ठेवली ती हेलसिंकीत नेमलेल्या दूतावास-प्रमुखांच्या पातळीवर. बाहेरून मंत्री बोलवायचे नाहीत, म्हणून कोण कोणाला मान्यता देतो हा प्रश्नच टोकाला जात नव्हता. जागा होती ओतानिएमीमधली दिपोली, तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेची इमारत. जून १९७३ पर्यंत तिथे मुख्य परिषदेचे विषय, एकमताने निर्णय घेण्याची पद्धत, आणि खर्चाची वाटणीसुद्धा ठरली. १९७५च्या हेलसिंकी करारात पुढे जे आलं त्याचा सांगाडा या बैठकीने उभा केला होता. यजमान कसा असावा याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

बसण्यासाठी वर्णक्रम सगळ्यात सुरक्षित, पण कोणत्या भाषेतला आणि कुठून सुरू, हे लेखी ठरवा. देशांची नावं सचिवालयाच्या यादीतून जशीच्या तशी घ्या. आपल्या नकाशाप्रमाणे किंवा आपल्या वर्तमानपत्राप्रमाणे पाटी छापू नका. आणि जागा दिली म्हणजे अध्यक्षपद मिळालं असं समजू नका. रिओच्या प्रेपकॉमचे अध्यक्ष सिंगापूरचे टॉमी कोह होते. सिंगापूर ना परिषदेचं यजमान होतं, ना त्या सत्रांचं.

पायरी आठवी: बैठक झालीच नाही तर

हे कलम लिहिताना सगळ्यांना अपशकुनासारखं वाटतं, पण ते लिहाच. बाहेर पडण्याची मुदत, जमा रकमेचं काय, पर्यायी ठिकाण कोण सुचवणार, आणि ठिकाण बदललं तरी अध्यक्षपद कोणाकडे राहणार, या चार गोष्टी त्यात हव्यात.

२०१९ मध्ये कॉप-२५ चिलीत व्हायची होती. तिची प्री-कॉप ऑक्टोबरमध्ये कोस्टा रिकात सान होसेला पार पडली, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस देशातल्या निदर्शनांमुळे चिलीने परिषद भरवणं अशक्य असल्याचं जाहीर केलं. ती डिसेंबरमध्ये माद्रिदला झाली, अध्यक्षपद चिलीकडेच राहून. फेब्रुवारी २०२० मध्ये जैवविविधता कराराच्या कार्यगटाची कुनमिंगला ठरलेली बैठक कोविडच्या साथीमुळे रोमला हलवावी लागली. १९८२ची अलिप्ततावादी शिखर परिषद बगदादला ठरलेली होती. इराण-इराक युद्धामुळे ती मार्च १९८३ मध्ये नवी दिल्लीत झाली. आणि बांडुंगनंतरची दुसरी आफ्रो-आशियाई परिषद तर झालीच नाही. १९६४च्या एप्रिलमध्ये जकार्तात तिची पूर्वतयारी बैठक होऊनही सोव्हिएत संघाला बोलवायचं की नाही हा वाद मिटला नव्हता, आणि जून १९६५ मध्ये परिषद दहा दिवसांवर आली असताना यजमान अल्जेरियात सत्तापालट झाला. परिषद आधी पुढे ढकलली गेली, मग सोडूनच दिली गेली.

पायरी नववी: सही झाल्यानंतर

आता प्रत्येक खात्यातला एक माणूस नावानिशी नेमून घ्या, ज्याच्याकडे निर्णयाचा अधिकार आहे असा. व्हिसाचे अडलेले अर्ज रोज संध्याकाळी सचिवालयाबरोबर तपासा. शेवटच्या आठवड्यात यापेक्षा महत्त्वाचं काम नसतं. बैठकीत तुमच्या देशाची भूमिका मांडणारा माणूस आणि यजमान म्हणून व्यवस्था पाहणारा माणूस वेगळे ठेवा. एकानेच दोन्ही केलं तर मसुद्यावर वाद घालणाऱ्याला वाटतं की उद्या त्याच्या खोलीची वेळही बदलेल.

मसुदा पूर्ण झाला नाही तर खचून जाऊ नका. बालीतही वादाचे मुद्दे तसेच राहिले आणि कंसांसकट जोहान्सबर्गला गेले. कोणत्या वाक्यावर कोण अडलं आणि कोण किती सरकलं, याची टिपणं मात्र ताजी असतानाच लिहून मुख्य परिषदेच्या यजमानाला द्या. खर्चाचा अंतिम हिशेब यायला वेळ लागतो. तो येईपर्यंत प्रत्येक पावती आणि सचिवालयाशी झालेला प्रत्येक पत्रव्यवहार एका ठिकाणी ठेवा, आणि तुमची बदली झाली तर फाइल हातात देऊन, समोर बसून समजावून मगच निघा.